सल्ला हवा: मॅन्युअल लेथवरून सीएनसीकडे जायचंय, कोल्हापुरात सुरुवात कुठून करावी?

कागलकर_थोरला

नमस्कार मंडळी. धाकट्या भावासाठी विचारतोय. आयटीआय टर्नर झालाय, सध्या उद्यमनगरात एका छोट्या शॉपमध्ये मॅन्युअल लेथवर आहे. टर्निंग, बोरिंग, थ्रेडिंग हाताला चांगलं बसलंय, मिस्त्रीही कौतुक करतात. पण शॉपला येणारं काम हळूहळू सीएनसीवाल्यांकडे (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारी मशीन) चाललंय, हे त्यालाही दिसतं आणि मालकालाही. आता त्याला सीएनसी शिकायचंय.

एक-दोन क्लास बघून आलो. एका ठिकाणी म्हणाले, थेट मास्टरकॅम (संगणकावर प्रोग्राम तयार करायचं कॅम सॉफ्टवेअर) करा, प्रोग्रामर व्हा, ऑपरेटर कशाला होताय. दुसऱ्या ठिकाणी टर्निंग आणि व्हीएमसी (सीएनसी मिलिंग मशीन) दोन्ही एकाच कोर्समध्ये शिकवतो म्हणाले. ओळखीचे एकजण म्हणतात, क्लासवर पैसे घालवू नका, शिरोली एमआयडीसीत हेल्पर म्हणून चिकटा, मशीनच शिकवतं. घरात आम्ही दोघंच कमावते, त्यामुळे पैसे आणि वेळ दोन्ही जपून वापरायचे आहेत. गणितात तो जेमतेम आहे, पण ड्रॉईंग वाचता येतं.

या लाईनमधल्या लोकांनी सांगावं, आधी काय शिकावं आणि कुठे?

शिरोली_सेटर

तुमचा भाऊ मॅन्युअल लेथवरून येतोय, ही त्याची जमेची बाजू आहे. ती कुणी कमी लेखत असेल तर ऐकू नका.

सीएनसी मशीन म्हणजे शेवटी लेथच. तेच चक, तोच स्पिंडल, तोच टूल. फरक एवढाच की हँडव्हील फिरवायला माणूस नाही. प्रत्येक अक्षावर सर्व्होमोटर आणि बॉलस्क्रू असतो, स्लाईड किती सरकली हे एन्कोडर कंट्रोलला सांगत राहतो, आणि प्रोग्राममधल्या आकड्यापर्यंत स्लाईड नेली जाते. पण जॉब कसा धरायचा, टूल कुठला लावायचा, किती कट घ्यायचा, फिनिश का बिघडला, हे मशीन ठरवत नाही. ते ज्याला कळतं तो सेटर. सायकल स्टार्ट दाबून जॉब बदलत राहतो तो ऑपरेटर. दोघं एकाच मशीनसमोर उभे असतात, पण पगारात आणि मानात मोठा फरक आहे. भावाला पहिल्या दिवसापासून सांगा, सेटर व्हायचंय हे डोक्यात ठेव.

एक उदाहरण देतो. शाफ्टचा व्यास ड्रॉईंगवर ४० एच७ (स्मॉल एच), म्हणजे ४०.००० पासून खाली ३९.९७५ पर्यंत चालतो. पहिला जॉब काढताना शहाणा सेटर थेट साईजवर जात नाही. त्या टूलच्या वेअर ऑफसेटमध्ये (कंट्रोलमध्ये टाकायची मापाची दुरुस्ती) एक्सला, म्हणजे व्यासाच्या दिशेला, ०.३ प्लस टाकतो, म्हणजे जॉब मुद्दाम मोठा निघतो. मग फिनिश कट मारून मायक्रोमीटर लावतो. समजा ४०.३३ आला. टाकलेले ०.३ वजा केले तरी जॉब ४०.०३ वर बसणार, म्हणजे बाहेर. टॉलरन्सचा मध्य ३९.९८८ च्या आसपास, म्हणून ऑफसेटमध्ये आणखी ०.०४२ मायनस. टर्निंगवर एक्सचा आकडा व्यासाचा असतो, त्यामुळे मॅन्युअल लेथसारखं निम्मं करत बसायचं नाही. टर्नर पोरं इथेच पहिल्यांदा गोंधळतात. परत तोच फिनिश कट मारला की जॉब मध्यावर येतो. आता इन्सर्ट (टूलचा कापणारा, बदलता येणारा तुकडा) झिजेल तसा व्यास वाढत जाणार आणि सेटर पाच-दहा जॉबमागे दोन-चार मायक्रॉन खाली ओढत राहणार. मध्यावर का ठेवला, ते इथे कळतं. वरच्या काठावर ठेवला असता तर थोड्याच जॉबनंतर रिजेक्शन सुरू झालं असतं.

हे सगळं करायला कॅम सॉफ्टवेअर लागत नाही. मोजणं, बेरीज-वजाबाकी आणि हिंमत लागते. जेमतेम गणितवाल्यालाही जमतं. पुढे त्रिकोणमिती लागेल ती टेपर आणि चॅम्फरपुरती, साइन-टॅनपर्यंतची. तेवढी दोन महिन्यांत होते.

म्हणून माझा सल्ला: आधी सीएनसी टर्निंग, फॅनक कंपनीच्या कंट्रोलवर (मशीन चालवणारा संगणक). आपल्याकडे शिरोली, गोकुळ शिरगाव, फाईव्ह स्टार, कुठल्याही एमआयडीसीत गेलात तरी फॅनक भेटतंच. सीमेन्सही आहे, पण एक नीट आला की दुसरा अवघड जात नाही. व्हीएमसी नंतर. दोन्ही एकत्र शिकवणारा छोटा कोर्स घेतला तर दोन्ही अर्धवट राहतात, असं मी नव्या पोरांत बघतोय.

हातकणंगले_जेई

क्लास की हेल्पर, यात तिसरा रस्ताही आहे: अप्रेंटिसशिप. आयटीआय टर्नर झाल्यावर कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागता येतं. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली स्टायपेंड मिळतो, शेवटी परीक्षा होते आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र हातात पडतं. नोंदणी केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर होते. कळंबा रोडच्या शासकीय आयटीआयमध्ये जाऊन चौकशी केलीत तर कुठल्या कंपन्या मुलं घेतायत ते समजेल. हेल्पर म्हणून लागलेल्या पोराला गाडी ओढायला आणि बुरादा भरायला लावतात. अप्रेंटिसलाही लावतात, खोटं कशाला बोलू. पण त्याला शिकवलं पाहिजे याची कागदोपत्री नोंद असते, आणि तो हक्कानं विचारू शकतो.

फक्त कंपनी निवडताना एक बघा, तिथं रोज वेगवेगळे जॉब लागतात की वर्षभर एकच. मोठ्या कंपनीत एकच जॉब लाखांनी चालतो. तिथं सेटिंग बदलतच नाही, मग शिकणार काय? जॉब वर्क करणारा मध्यम शॉप शिकायला चांगला.

पैशाची आणि वेळेची सोय होणार असेल तर छत्रपती संभाजीनगरचं इंडो जर्मन टूल रूम आहे. केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची संस्था, तिथले सीएनसीचे छोटे कोर्सही चालतात. घरापासून लांब राहावं लागेल एवढंच. आणि दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट असते, तेही विसरू नका.

भट्टीशेजारी

मी फौंड्रीच्या मशीन शॉपमध्ये आहे. वर शाफ्टचं उदाहरण झालं, पण कोल्हापुरात शिकायचं तर कास्टिंग समजलंच पाहिजे. बारमधला जॉब गोल आणि सरळ येतो. आपल्याकडे येतात ते पंपाचे हाऊसिंग, व्हॉल्व्ह बॉडी, ब्रेक ड्रम, बेअरिंग कॅप, गिअरबॉक्सचे केस. पार्टिंग लाईनला बर असते, एका बाजूला मटेरियल तीन मिलिमीटर तर दुसऱ्या बाजूला पाच, कुठे वाळू चिकटलेली, कुठे चिल पडून (पटकन गार होऊन) लोखंड काचेसारखं कडक झालेलं.

अशा जॉबवर नवा पोरगा काय करतो? भीतीनं पहिला कट हलका घेतो, पाव-अर्धा मिलिमीटर. टूल नेमका त्या कडक, वाळू लागलेल्या कातडीत घासत राहतो आणि इन्सर्टची धार काही जॉबमध्ये जाते. कट कातडीच्या खाली जाईल एवढा घ्यायचा, म्हणजे टूलचं टोक चांगल्या लोखंडात चालतं. हे पुस्तकातही असतं, पण पटतं ते इन्सर्ट भिंगाखाली धरून बघितल्यावर. झीज कुठे आहे, टोकाला की कट संपतो तिथल्या खाचेत, हे बघायची सवय भावाला आत्तापासून लावा. मॅन्युअल लेथवरही लावता येते.

दुसरी गोष्ट धरण्याची. पातळ भिंतीचं हाऊसिंग तीन जॉच्या चकमध्ये आवळून धरलं, आत ५२ चा बोअर मारला, मशीनवरच बोअर गेज लावलं तर गोल. चक सोडला की तोच बोअर तीन ठिकाणी फुगलेला. कारण धरताना भिंत दबली होती, कापलं दबलेल्या आकारात, सोडल्यावर ती परत जागेवर आली. प्रोग्राम बरोबर, टूल बरोबर, ऑफसेट बरोबर, आणि जॉब रिजेक्ट. यावर उपाय म्हणजे हायड्रॉलिक चकचं प्रेशर उतरवणं, जॉबच्या व्यासाला बोअर केलेले सॉफ्ट जॉ (चकचे मऊ धातूचे जबडे) वापरणं, नाहीतर फिक्स्चर करून तोंडावरून क्लॅम्प करणं. सॉफ्ट जॉ बोअर करतानाही आत रिंग धरून, जॉबला लावणार तेवढ्याच प्रेशरला बोअर करायचे, नाहीतर त्यांचा उपयोग होत नाही.

ज्या ठिकाणी भाऊ शिकायला जाईल तिथे सॉफ्ट जॉ बोअर करायला देतात का, हे जरूर विचारा. माझ्या दृष्टीनं क्लासची पारख यावरच होते.

कागलकर_थोरला

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. भावाला वाचून दाखवलं. सॉफ्ट जॉचं त्याला लगेच पटलं, पातळ बुशला हाच त्रास होतो म्हणाला.

काल आणखी एका क्लासचा डेमो बघितला. मशीन एक आणि बॅचमध्ये पोरं पंचवीस-तीस. बराचसा वेळ पडद्यावर जी-कोडची (मशीनला हुकूम देणारे कोड) यादी दाखवत होते, पोरं पाठ करत होती. मशीनवर हात लावायला कधी मिळतो विचारलं तर कोर्सच्या शेवटी म्हणाले.

दोन शंका. जी-कोड पाठ करावेच लागतात का? आणि तिथल्या एका मुलानं सांगितलं की प्रोग्राममधल्या आकड्याला पॉईंट (दशांश चिन्ह) द्यायचा विसरला तर मशीन धडकतं. हे कसं?

जी_एकाहत्तर

मी प्रोग्रामिंग बघतो, गोकुळ शिरगावला. यादी पाठ करायची अजिबात गरज नाही. रोज लागणारे पंधरा-वीस कोड असतात, ते वापरून वापरून बसतात. कोडचा अर्थ मशीन काय हालचाल करेल याच्याशी जोडला की झालं. छोटा प्रोग्राम देतो, भावाला वहीत उतरवायला सांगा:

टी०१०१
जी५० एस२०००
जी९६ एस१८० एम०३
जी०० एक्स५०.० झेड२.० एम०८
जी०१ झेड-३०.० एफ०.२
जी०० एक्स५७.०
जी२८ यू०. डब्ल्यू०.
एम३०

५५ चा बार आहे, ५० वर आणायचा आहे, लांबी ३०. एक्स म्हणजे व्यास, झेड म्हणजे लांबीची दिशा. पहिल्या ओळीत पहिले दोन आकडे टूलचा नंबर, पुढचे दोन ऑफसेटचा. जी०० म्हणजे रॅपिड, हवेतून पळायचं. जी०१ म्हणजे सांगितलेल्या फीडनं कापत जायचं, इथे फेऱ्यामागे ०.२ मिलिमीटर. जॉबच्या तोंडापासून २ मिलिमीटर आधी रॅपिड थांबवलाय, कारण रॅपिडमध्ये टूल जॉबला लागला तर संपलं. एम०८ म्हणजे कूलंट चालू. जी२८ टूलला मशीनच्या ठरलेल्या जागी परत नेतो.

जी९६ आणि जी५० ही जोडी मात्र नीट समजून घ्या. जी९६ एस१८० म्हणजे १८० फेरे नव्हेत. जॉबच्या पृष्ठभागाचा वेग मिनिटाला १८० मीटर ठेवायचा, फेरे किती करायचे ते कंट्रोल ठरवतो. फेरे = १००० × वेग ÷ (३.१४ × व्यास). ५० व्यासाला साधारण ११४६ फेरे. आता फेसिंग करत टूल केंद्राकडे चालला, व्यास १० झाला, की फेरे ५७०० च्या वर. केंद्राशी व्यास शून्य, म्हणजे कंट्रोल मशीनच्या कमाल फेऱ्यापर्यंत स्पिंडल पळवणार. वेडंवाकडं कास्टिंग चकमध्ये असेल, फेरे वाढतील तशी जॉची पकड केंद्रापसारक बलानं ढिली होत जाईल, आणि जॉब दारावर येईल. जी५० एस२००० ही ओळ सांगते की काहीही झालं तरी दोन हजारांच्या वर जायचं नाही. वजनदार किंवा असमतोल जॉबला हा आकडा आणखी खाली. कुणी शिकवताना ही ओळ गाळून पुढे गेला तर त्या माणसाकडे शिकू नका, एवढं स्पष्ट सांगतो.

पॉईंटचं खरं आहे. फॅनकमध्ये एक पॅरामीटर असतो. तो एका बाजूला असेल तर पॉईंट न दिलेला आकडा मशीन सर्वांत लहान एककात धरतं. एक्स५० म्हणजे ५० मिलिमीटर नव्हे, ५० मायक्रॉन, ०.०५० मिलिमीटर. तुम्हाला टूल ५० व्यासाला न्यायचाय आणि तो रॅपिडमध्ये जवळजवळ केंद्रात शिरणार. दुसऱ्या बाजूला असेल तर एक्स५० आणि एक्स५०.० एकच. एकाच शॉपमधल्या दोन मशीनवर वेगवेगळं असू शकतं. म्हणून हात असा बसवायचा की लांबी-व्यासाच्या प्रत्येक आकड्यापुढे पॉईंट पडलाच पाहिजे.

नवा प्रोग्राम चालवताना सिंगल ब्लॉक चालू (एका वेळी एकच ओळ), रॅपिड ओव्हरराईड, म्हणजे रॅपिडचा वेग, २५ टक्के किंवा त्याहून खाली, आणि नजर पडद्यावरच्या डिस्टन्स टू गो वर. टूल जॉबपासून बोटभर लांब दिसतोय आणि पडद्यावर अजून ८० मिलिमीटर जायचंय असं दिसलं, तर फीड होल्ड, टूल जागीच थांबवायचा. हे कुठल्याही शिफ्टमध्ये, कितीही घाई असली तरी.

मास्टरकॅमबद्दल: व्हीएमसीवर थ्रीडी पृष्ठभाग, डाय, मोल्ड करायचे असतील तर कॅमशिवाय गत्यंतर नाही. पण साधं टर्निंग, ड्रिलिंग, टॅपिंग हातानं लिहिता येतं आणि आधी हातानंच लिहावं. कॅमनं काढलेला प्रोग्राम चुकीचा आहे हे वाचून कळलं पाहिजे. घरी सरावाला फ्रीकॅड फुकट मिळतं, आणि एनसी व्ह्यूअर ब्राउझरमध्ये उघडून प्रोग्राम टाकला की टूलचा मार्ग रेषांत दिसतो. साध्या लॅपटॉपवर चालतं.

जाता जाता एक आवडीची गोष्ट. हे सगळं १९४९ मध्ये जॉन पार्सन्स या अमेरिकन कारखानदाराच्या कामातून सुरू झालं. तो हेलिकॉप्टरची पाती बनवायचा. पात्याची वक्र कड आकड्यांच्या तक्त्यावरून कापायची त्याची कल्पना होती. अमेरिकन हवाई दलानं पैसे दिले, एमआयटीच्या प्रयोगशाळेत मिलिंग मशीनला सर्व्हो जोडले गेले आणि १९५२ मध्ये भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारं मशीन लोकांपुढे आलं. आजही फॅनकच्या प्रोग्राम फाईलच्या सुरुवातीला आणि शेवटी टक्क्याचं चिन्ह असतं, ते त्या पट्टीच्या काळातलंच. एम३० म्हणजे प्रोग्राम संपव आणि गुंडाळून परत सुरुवातीला ये. गुंडाळायची होती ती पट्टी.

मोजमाप_ताई

शिरोली_सेटर दादांनी मायक्रोमीटरचं सांगितलं त्याला जोडून लिहिते. मी क्वालिटीत आहे. ऑपरेटर आणि आमच्यातली निम्मी भांडणं गरम जॉबची असतात.

लांबी मोजायचं जगभरचं ठरलेलं तापमान २० अंश. आपल्याकडे एप्रिलमध्ये शॉपमध्ये किती असतं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि मशीनमधून नुकताच निघालेला जॉब त्याहूनही तापलेला. लोखंड-पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण ११ मायक्रॉन वाढतं. ५२ चा बोअर गेजपेक्षा १५ अंशांनी गरम असेल तर जवळपास ८ ते ९ मायक्रॉन मोठा दिसणार. ५२ एच७ (बोअरचा कॅपिटल एच) ची सगळी टॉलरन्स ३० मायक्रॉन. म्हणजे तिसऱ्या हिश्शाच्या आसपास नुसत्या उष्णतेनं गेली. मशीनवर बोअर जेमतेम खालच्या मर्यादेच्या वर दिसला, ऑपरेटरनं ओके म्हणून पाठवला, आणि आमच्या टेबलावर गार झाल्यावर प्लग गेजची गो बाजू शिरत नाही. दोघंही खरं बोलत असतात.

म्हणून जॉब गार होऊ द्यावा, मास्टर रिंग (गेज शून्य करायची पक्क्या मापाची रिंग) आणि जॉब एकाच जागी, एकाच तापमानाला ठेवावेत, आणि बोअर गेज पाळीच्या सुरुवातीलाच नाही तर मध्येही मास्टरवर शून्य करून घ्यावं. मायक्रोमीटरचं रॅचेट वापरावं, थिंबल आवळून नाही. मॅन्युअल लेथवरच्या पोरांना हाताच्या अंदाजानं आवळायची सवय असते. प्रत्येकाचा हात वेगळा, मग एकाच जॉबची तीन मापं निघतात.

भावाला आणखी एक शिकू दे: ड्रॉईंगवरच्या भौमितिक खुणा. रनआऊट, पोझिशन, परपेंडिक्युलॅरिटी. चौकटीत डेटम (ज्या पृष्ठभागापासून मोजायचं तो आधार) ए, बी लिहिलेलं असतं. व्यास बरोबर असूनही जॉब बाद होतो तो यामुळे. कुठल्या पृष्ठभागावर धरून कुठला पृष्ठभाग एकाच सेटिंगमध्ये मारायचा, हे त्या चौकटी वाचूनच ठरतं.

उद्यमनगरचा_जुना

मी या गावात लेथ चालवत म्हातारा झालो, आता चार सीएनसी आहेत, पोरगं बघतं. पोरगा कामाला ठेवताना मी काय बघतो ते सांगतो, सर्टिफिकेट मी शेवटी बघतो.

एक ड्रॉईंग देतो आणि एक जॉब देतो. म्हणतो, बाळा, यातलं कुठलं माप बाहेर हाय ते काढ. किती वेळ घेतो ते बघत नाही. मापायच्या आधी जॉब पुसतो का, मायक्रोमीटरचं शून्य बघतो का, ते बघतो. आणि माप घेतल्यावर दोनदा घेतो का. एवढं जो करतो त्याला मी बाकीचं शिकवतो. प्रोग्राम पोपटासारखा म्हणणारी लई पोरं आली आणि गेली.

दुसरं, ऐकायला येतं का. टूल चॅटर करायला (थरथरायला) लागला की आवाज बदलतो, मशीनशेजारी उभ्या माणसाला आकडा बघायच्या आधी कळतं. बोरिंग बार जादा बाहेर काढला असंल तर हमखास. बार आत घे, फेरे उतरव, नाहीतर कमी नोज रेडियसचा इन्सर्ट लाव. मॅन्युअल लेथवर काम केलेल्याच्या कानात हे असतंच. तुझ्या भावाकडं ते हाय. त्याला सांग, आत्ताचं काम सोडून घरी बसून क्लास करू नको. मालकाशी बोल. उद्यमनगरात शेजारी-पाजारी कुणाकडं ना कुणाकडं सीएनसी हाय. रोज संध्याकाळी दोन तास उभं राहू द्या म्हणावं. आपल्या गावात असं विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. इथले मिस्त्री एकमेकांच्या शॉपमध्ये उभं राहूनच शिकले, ऑईल इंजिनच्या काळापासून.

गडहिंग्लजची

मध्येच विचारते, माफ करा. डिप्लोमा मेकॅनिकल दुसऱ्या वर्षाला आहे. मुलींना या कामात मशीनवर घेतात का, की क्वालिटी आणि ऑफिसच?

मोजमाप_ताई

घेतात ग. आमच्याकडे मुली टर्निंग सेंटरवर आहेत आणि उत्तम सेटिंग करतात. मशीनला ताकद लागत नाही, जड जॉबला होईस्ट असतो. काही मालक अजूनही थेट क्वालिटीकडे वळवतात, तिथे तू स्वतःहून मशीन माग. पुढे सीएमएमवर (जॉबची मापं घेणारं संगणकी मशीन) किंवा प्रोग्रामिंगला जायचं असलं तरी आधी मशीनवर काढलेला काळ वाया जात नाही. मुलाखतीला जाशील तेव्हा जाण्यायेण्याची सोय, शिफ्ट आणि स्वच्छतागृह हे तिन्ही आधी विचारून घे, लाजू नकोस.

कागलकर_थोरला

उद्यमनगरच्या काकांचं ऐकून भावानं मालकांशी बोलणं केलं. त्यांनीच पलीकडच्या शॉपमध्ये शब्द टाकला, येत्या आठवड्यापासून संध्याकाळी जायला परवानगी मिळाली आहे. सोबत अप्रेंटिसशिपची चौकशीही करतोय. आम्हाला गोकुळ शिरगाव वाटेवर पडतं, शिरोली शहराच्या पलीकडे, त्यामुळे आधी तिकडच्या कंपन्या बघू. क्लासचं सध्या बाजूला ठेवलंय.

जायच्या आधी त्याला काही सांगायचं असेल तर सांगा. दुसऱ्याच्या मशीनला धक्का लागला तर, याची धास्ती वाटते.

शिरोली_सेटर

धास्ती असू दे, ती चांगली.

सुरुवातीला त्यानं मशीनवर बटण दाबू नये, फक्त सेटरच्या शेजारी उभं राहून टूल ऑफसेट कसा घेतात ते बघावं. टूल जॉबच्या तोंडाला लावून झेड शून्य, बाहेरचा व्यास छाटून मोजलेला आकडा एक्सला टाकणं. वहीत लिहावं, प्रत्येक टूलचं. मग सेटरची परवानगी घेऊन जॉग आणि हँडव्हीलवर टूल हलवून बघावा. प्लस कुठे, मायनस कुठे, हे हाताला बसेपर्यंत ऑटो मोडला हात लावायचा नाही. धडक होते ती बहुतेक इथेच, चुकीच्या दिशेला हँडव्हील फिरवून किंवा ऑफसेट दुसऱ्याच टूलच्या ओळीत टाकून.

हातमोजे घालून फिरत्या जॉबजवळ जायचं नाही, बाह्या दुमडलेल्या, हातात कडं-दोरा नको. पोलादाची चिप लांब गुंडाळी होऊन येते, ती हातानं ओढायची नाही, हूक वापरायचा. आणि दाराचा इंटरलॉक. बऱ्याच शॉपमध्ये तो स्विच बायपास करून दार उघडं ठेवून मशीन चालवतात, लवकर जॉब बदलता यावा म्हणून. त्या शॉपमध्ये तसं असेल तर भावानं दार लावूनच काम करावं, कुणी हसलं तरी. चकमधून सुटलेला जॉब ते दार अडवतं, दुसरं काही नाही.

पहिल्या दिवशी जाताना स्वतःचा मायक्रोमीटर असेल तर घेऊन जाऊ दे, ०-२५ चा. नसेल तर क्लासचे वाचलेले पैसे आधी त्यात घाला.

भट्टीशेजारी

आणि चष्मा. कास्ट आयर्नची चिप गुंडाळी होत नाही, भुकटी उडते, ती डोळ्यात जाते. एअर गननं जॉब साफ करताना तर नक्की. साईड शील्डवाला घ्या.